पालेर्मोहून चेफालू: एकट्याने, एका दिवसात, घाई न करता

चेफालू हे इटलीतल्या सिसिली बेटावरचं समुद्रकाठचं गाव. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मी साडेअकराला पोचले. सकाळी पालेर्मोचा, म्हणजे सिसिलीच्या राजधानीचा बाजार, मग चेफालू, येता येता बागेरिया, असा तीन ठिकाणांचा बेत कागदावर फार छान दिसत होता. प्रत्यक्षात भर दुपारी, सपाता घालून, अर्धा लिटर पाण्यावर मी गावामागचा कातळ चढायला निघाले आणि निम्म्यातून परत फिरले. खाली आले तर दुकानांची शटरं ओढलेली, गल्ल्या सुनसान. बागेरियाचं तर नावच काढू नका. पुढच्या वर्षी पुन्हा सिसिलीला जायचा योग आला, तेव्हा अख्खा दिवस त्या एका गावाला दिला. पुढे लिहिलंय ते त्या दुसऱ्या दिवसावरून.

नावाचा उच्चार आधी. चेफालू, शेवटच्या ‘लू’वर जोर. तिकीटखिडकीवर ‘सेफालू’ म्हटलंत तरी कळतं, पण समोरचा एकदा दुरुस्त करून म्हणून दाखवतोच. नावाचं मूळ ग्रीक ‘केफाली’ या शब्दात, म्हणजे डोकं. गावाच्या डोक्यावर २७० मीटर उंचीचा एक अजस्र कातळ बसलाय, त्यावरून. त्याला तिथे नुसतं ‘ला रोका’ म्हणतात.

हा कातळ गावाच्या पूर्वेला आहे. पुळण आणि जुना धक्का पश्चिमेकडे तोंड करून. एवढं लक्षात ठेवलं की दिवसाचं वेळापत्रक आपोआप तयार होतं. सकाळी सूर्य कातळामागे असतो, म्हणून चढणीच्या बाजूला सावली मिळते. संध्याकाळी तोच सूर्य समोरून येतो आणि कॅथेड्रलचा दर्शनी भाग, धक्क्यावरची घरं, सगळं मधाच्या रंगाचं होतं. म्हणजे सकाळी वर, दुपारी आत, संध्याकाळी पाण्याशी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. सकाळी पुळण, दुपारी कातळ.

दिवस कुठला निवडायचा

मे, जूनचा पहिला पंधरवडा, सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात. सप्टेंबरात समुद्र उन्हाळाभर तापून छान कोमट झालेला असतो आणि गर्दी ओसरलेली असते, म्हणून माझं मत सप्टेंबरला. ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्ट हा तिकडचा ‘फेर्रागोस्तो’, अर्धा इटली त्या आठवड्यात समुद्रावर असतो, आणि चेफालूच्या पुळणीवर तेव्हा टॉवेल पसरायला जागा शोधावी लागते.

ऑगस्टला एकच अपवाद करीन. २ ते ६ ऑगस्टला गावाच्या रक्षणकर्त्याचा, सान्तिस्सिमो साल्वातोरेचा उत्सव असतो. शेवटच्या दिवशी पाण्यावर आडवा लाकडी खांब बांधतात, त्याला भरपूर चरबी चोपडतात, आणि टोकाचं निशाण पटकावायला गावची पोरं त्यावरून घसरत-पडत जातात. पडलं की थेट समुद्रात. गोविंदा बघत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

वारांत रविवार नको, कारण गाड्या कमी आणि पालेर्मोकर सगळे तिकडेच. हवामान बघताना नुसतं तापमान बघू नका, वारा बघा. दक्षिणेकडून ‘शिरोक्को’ सुटला की सहारातली गरम, धुळकट हवा थेट येते आणि सप्टेंबरातही नागपूरचा मे महिना आठवतो. तशा दिवशी कातळ रद्द करा, बाकीचं चालेल.

आदल्या रात्री

पाठीवरची छोटी सॅक पुरते. त्यात दीड लिटर पाणी, टोपी, सनस्क्रीन, पातळ टॉवेल, पोहायचे कपडे आणि एक ओढणी. ओढणी आठवणीने घ्या. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकावे लागतात, पुळणीवर ती अंगाखाली येते, गाडीत एसीचा गारठा वाजला की खांद्यावर. पुरुषांनी ओढणीऐवजी बाह्यांचा शर्ट आणि गुडघ्याखाली जाणारी पँट. पायात पट्ट्याचे सँडल चालतील, पण तळ खडबडीत हवा. कातळावरचे दगड पायांनी घासून घासून गुळगुळीत झालेत.

मूळ पासपोर्ट मी पालेर्मोच्या खोलीतच कुलपात ठेवते आणि सोबत त्याची आणि व्हिसाची प्रत बाळगते. एकट्याने पोहायला जायचं असेल तर जवळ जितकं कमी तितकं डोक्याला शांत. एक कार्ड, पन्नास युरोच्या आसपास सुट्ट्या नोटा आणि मोबाईल, बस्स. पाण्याने न भिजणारी गळ्यातली पिशवी भारतातूनच घ्या. या तिन्ही गोष्टी तिच्यात मावतात.

रात्री झोपण्याआधी ‘शोपेरो’ हा शब्द शोधा, म्हणजे संप. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या चालवणं बंधनकारक असतं. म्हणजे संप असला तरी लवकर निघून संध्याकाळी परतणाऱ्याचं फारसं बिघडत नाही.

गाडी

पालेर्मो चेन्त्राले स्थानकावरून चेफालू साधारण ६५–७० किलोमीटर. रेजिओनाले, म्हणजे आपल्या पॅसेंजरसारखी पण बऱ्यापैकी चकाचक गाडी, पाऊण ते एक तास घेते. तिकीट सहा-सात युरोंच्या घरात. दर ठरलेला असतो, आधी काढल्याने स्वस्त पडत नाही, त्यामुळे आगाऊ आरक्षणाच्या भानगडीत पडू नका. आठच्या सुमाराची गाडी पकडायचा प्रयत्न करा. नऊपर्यंत गावात पोचलात की दिवस तुमच्या हातात.

फलकावर ‘चेफालू’ दिसेलच असं नाही. गाडी पुढे मेस्सिनाला जाणारी असेल तर तेवढंच लिहिलेलं असतं. ‘बिनारियो’च्या रकान्यातला आकडा म्हणजे फलाट, ‘रितार्दो’ म्हणजे उशीर, तो मिनिटांत लिहितात. ‘सोप्रेसो’ दिसलं तर गाडी रद्द, शांतपणे कॉफी प्या.

तिकीट कागदी असेल तर चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा छाप उठवून घ्यायचा. हे न करता बसलात तर पैसे भरूनही तुम्ही विनातिकीट, आणि टीसी परदेशी पाहुणा वगैरे बघत नाही. मोबाईलवर तिकीट काढलं असेल तर त्याचा सध्याचा नियम तिकिटावरच वाचून घ्या. माझ्या डब्यात एका तरुण जोडप्याला यावरून दंड भरताना मी पाहिलंय. त्यांच्याकडे तिकीट होतं, छाप नव्हता.

जाताना डावीकडे बसा. समुद्र त्या बाजूला आहे. तेर्मिनी इमेरेसे सोडलं की रूळ अगदी किनाऱ्याला लागतात आणि शेवटी एका वळणावर तो कातळ एकदम समोर येतो.

चेफालूला उतरल्या उतरल्या एक काम करा. स्थानकात भिंतीवर दोन मोठे छापील तक्ते असतात, पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्या. पिवळ्याचा फोटो काढून ठेवा, आणि शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी ‘आपली’ असं मनाशी ठरवा. शेवटची राखीव. एकटं असताना ही एक गाठ मारून ठेवली की दिवसभर घड्याळ बघावं लागत नाही.

नऊ वाजता: खाणं आणि कातळ

स्थानकापासून जुनं गाव दहा मिनिटांवर. रस्ता विचारायची गरज नाही, कातळाकडे तोंड करून चालत राहा. कोर्सो रुज्जेरो हा जुन्या गावाचा मुख्य रस्ता लागला की एखाद्या बारमध्ये शिरा. तिकडे बार म्हणजे कॉफीचं दुकान, दारूचा गुत्ता नव्हे. काउंटरशी उभ्याने खाल्लं तर स्वस्त, टेबलाशी बसलं की दर चढतो. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे देऊन पावती काउंटरवर दाखवायची पद्धत असते. समोरच्या म्हाताऱ्यांनी काय केलं ते बघा आणि तसंच करा.

सिसिलीत उन्हाळ्याची न्याहारी म्हणजे ग्रानीता आणि ब्रियोश. ग्रानीता म्हणजे खरखरीत, सरबतापेक्षा घट्ट बर्फाळ प्रकार. मांदोर्ला म्हणजे बदाम, लिमोने कळेलच, आणि ‘जेल्सी’ म्हणजे तुती. तुतीची मिळाली तर सोडू नका. सोबतच्या गोडसर पावाला वर एक छोटा गोळा असतो, त्याला ‘तुप्पो’ म्हणतात, म्हणजे अंबाडा. अंबाडा तोडून ग्रानीतात बुडवून आधी खायचा, मग उरलेला पाव. अंडं खात नसाल तर पाव सोडा, त्यात असतं.

मग कातळ. पियात्सा गारिबाल्दीजवळून पायऱ्या सुरू होतात, पाटी लावलेली आहे, पुढे थोडं तिकीट. पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही ‘दियानाचं मंदिर’ म्हणतात तिथे पोचता. प्रचंड दगडी शिळांची चौकोनी भिंत, छत नाही. दियानाशी याचा संबंध होता की नाही हा पंडितांचा विषय. बघण्यासारखे आहेत ते दगड. चुना न वापरता एकावर एक बसवलेले, आणि आतल्या पाण्याच्या टाक्याचं बांधकाम तर इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकातलं मानतात. आपल्याकडे गडावर गेलं की पाय आधी टाक्याकडे वळतात, पाणी आहे का बघायला. इथेही तसंच झालं. गड राखायचा तर पाणी वर हवं, हा हिशोब सगळीकडे सारखा.

इथून माथ्यावरच्या किल्ल्याच्या अवशेषांपर्यंत आणखी अर्धा-पाऊण तास. गुडघे कुरकुरत असतील तर माथा सोडा, पण मंदिराजवळची कंगोरेदार तटबंदी सोडू नका. तिथून खाली गाव दिसतं. लाल कौलं, त्यांतून वर आलेले कॅथेड्रलचे दोन मनोरे, पलीकडे समुद्र. सूर्य तुमच्या पाठीशी असल्यामुळे फोटोही नीट येतात. मी तिथे तासभर बसले होते. साडेदहानंतर वर यायला लागलेल्या लोकांचे लाल चेहरे बघून मला माझं पहिलं वर्ष आठवत होतं.

पावसात दगड फार निसरडे होतात. ढग भरून आले असतील तर हट्ट करू नका.

अकरा ते एक: जिथे गारवा आहे तिथे

खाली आल्यावर अंग तापलेलं असतं, म्हणून आधी लावातोयो. वीया वित्तोरियो एमानुएलेवर, रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली, मध्ययुगातलं धुण्याचं ठिकाण आहे. दगडी जिना उतरलात की कमानीखाली हौद, कपडे घासायचे उतरते दगड, आणि भिंतीतल्या लोखंडी तोंडांतून सतत पडणारं पाणी. तोंडं बावीस, त्यांतली पंधरा सिंहाची. पाणी चेफालिनो नदीचं. जमिनीखालून येतं आणि पुढे समुद्राला मिळतं. वर लॅटिनमध्ये कोरलंय की ही नदी चांदीहून शुद्ध आणि बर्फाहून गार आहे. शुद्धतेचं मी सांगत नाही, पण गार खरंच आहे. पायरीवर बसून पाय बुडवावेसे वाटतील. मी हात बुडवले आणि ते घासायचे दगड नीट पाहिले. मधोमध झिजलेले आहेत. कोकणातल्या पाटावरचे धुण्याचे दगड असेच झिजतात, त्यामुळे बाई कुठे बसत असेल, पिळा कुठे ठेवत असेल, हे सांगायला मार्गदर्शक लागला नाही.

मग कॅथेड्रल. सिसिलीचा नॉर्मन, म्हणजे मूळ उत्तर फ्रान्सातून आलेल्या घराण्यातला राजा रोजर दुसरा याने ११३१ मध्ये ते बांधायला घेतलं. वादळातून वाचून या किनाऱ्याला लागलो तर देऊळ बांधीन असा नवस त्याने केला होता, अशी गोष्ट सांगतात. आत मुख्य सभागृहात जायला पैसे लागत नाहीत. मनोरे, छत, मठाचं अंगण यांची तिकिटं वेगळी. वेळा दारावर लावलेल्या असतात, सकाळी कातळाकडे जाता जाताच वाचून ठेवा.

आत शिरून सरळ पुढे चालत जा आणि वर बघा. अर्धगोल छतावर सोनेरी पार्श्वभूमीवरचा ख्रिस्त आहे, ११४८ सालचं काचतुकड्यांचं काम. एक हात आशीर्वादाला उचललेला, दुसऱ्यात उघडं पुस्तक. त्या पुस्तकाचं एक पान ग्रीक आणि एक लॅटिन, दोन्हींवर तेच वचन: ‘मी जगाचा प्रकाश आहे.’ कपाळावर केसांच्या दोन बारीक बटा आल्यात, त्या बघा. एवढ्या मोठ्या आकृतीत कारागिराला तेवढं सुचलं. राजा लॅटिन, म्हणजे रोमच्या चर्चचा, कारागीर बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक ख्रिस्ती परंपरेतले, आणि सिसिलीत त्याआधी दोनेक शतकं अरबांची सत्ता; २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत पालेर्मो आणि मोन्रेआलेबरोबर हे चर्चही आलं ते या मिश्रणासाठी.

रोजरला इथेच पुरून घ्यायचं होतं. लालसर जांभळ्या पॉर्फिरी दगडाच्या दोन शवपेट्याही त्याने इथे आणून ठेवल्या होत्या. पण तो पालेर्मोत पुरला गेला, आणि १२१५ मध्ये त्याच्या नातवाने, फ्रेडरिक दुसऱ्याने, त्या पेट्याही पालेर्मोला नेल्या. दुसऱ्या दिवशी पालेर्मोचं कॅथेड्रल बघाल तेव्हा फ्रेडरिक स्वतः त्यांतल्या एकीत निजलेला सापडेल.

चित्रांची आवड असेल तर मान्द्रालिस्का संग्रहालय जवळच आहे. आधी उघडं आहे ना ते पाहून घ्या. तिथे अंतोनेल्लो दा मेस्सिनाने पंधराव्या शतकात रंगवलेलं एका अनोळखी माणसाचं चित्र आहे, वहीच्या पानाएवढं. तो माणूस असा काही हसतो की तुमचं एखादं गुपित त्याला ठाऊक आहे. लिपारी बेटावरच्या एका मुलीने त्या हसण्याला वैतागून चेहऱ्यावर ओरखडे काढले, अशी दंतकथा आहे. पाच मिनिटं समोर उभं राहिलं की तिची बाजू पटायला लागते. त्याच संग्रहालयात इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातलं एक भांडं आहे, त्यावर कोळी ट्यूना कापतोय आणि गिऱ्हाईक समोर उभं राहून घासाघीस करतंय.

एक वाजता: जेवण, आणि शाकाहाऱ्यांसाठी दोन सापळे

एकच्या पुढे दुकानं बंद होतात, चारच्या सुमारास उघडतात. ही वेळ जेवणाची. एकट्याने टेबल मागायला लाजू नका. दारात बोट दाखवून ‘पेर उना पेर्सोना’ म्हणायचं, बस्स. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून दोन-तीन युरो दिसतील. ती टेबलाची आणि पावाची आकारणी, फसवणूक नव्हे. पाणी मागताना ‘नातुराले’ म्हणा, नाहीतर सोडावॉटर येईल.

मासे खात असाल तर पास्ता कोन ले सार्दे मागवा. तारली-पेडव्यांच्या जातकुळीतला मासा, रानबडीशेप, बेदाणे आणि पाइनच्या बिया. बेदाणे आणि मासा ऐकून नाक मुरडू नका. मी मुरडलं होतं, मग ताट पुसून खाल्लं. शाकाहाऱ्यांसाठी पास्ता आल्ला नोर्मा, म्हणजे वांगी, टोमॅटो आणि खारवलेलं रिकोत्ता चीज, शिवाय कापोनाता ही आंबटगोड वांग्याची भाजी. पानेल्ले मिळाले तर घ्याच. हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या चकत्या. पीठ पाण्यात शिजवून थापतात, कापतात, तळतात. वरून लिंबू. पाटवडीची वडी तळली तर जसं लागेल तसं.

आता सापळे. आरांचीना म्हणजे भाताचा तळलेला गोळा. त्यातला ‘आल बुर्रो’ म्हणजे लोण्याचा. नाव शाकाहारी वाटतं, आत बहुतेक वेळा हॅम असतं. ‘आल्यी स्पिनाची’, म्हणजे पालकाचा, असला तर विचारून घ्या. दुसरा स्फिंचोने, जाड पावासारखा पिझ्झा. दिसतो टोमॅटो-कांद्याचा, पण सॉसमध्ये अँचोव्ही मासळी विरघळवलेली असते. ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’, मांस नको मासे नको, हे दोन्ही म्हणायचं. नुसतं ‘वेजेतारियानो’ म्हटल्यावर मासा चालत असेल असं समजणारे भेटतात.

दुपार: काही न करण्याची वेळ

जेवणानंतरचा तास बंद गल्ल्यांत घालवा. दोरीवरचे कपडे, आतून येणारा भांड्यांचा आवाज, दारातल्या खुर्चीत पेंगणारे आजोबा. कापो मार्कियाफावाच्या बुरुजावर वारा असतो, तिथे बसता येतं. ऊन उतरायला लागलं, साडेतीन-चार झाले, की पुळण.

पुळणीचे दोन प्रकार. ‘लीदो’ म्हणजे भाड्याची छत्री आणि पडायची खाट, आणि ‘स्पियाज्जा लीबेरा’ म्हणजे फुकटची, टॉवेल टाकायची. एकट्याला मी लीदो सुचवीन. खाटेला नंबर असतो, शेजारी ठरलेले असतात, आणि पाण्यात जाताना शेजारच्या कुटुंबातल्या आजीला खुणेने पिशवी दाखवली की ती पहारा देते. दुपारनंतर भाडं कमी करतात का, विचारून बघा. फुकटच्या बाजूला बसलात तर गळ्यातली पिशवी पाण्यात सोबत न्या.

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्यांना इथला समुद्र पहिल्यांदा खोटा वाटतो. भरती-ओहोटी जवळपास नाहीच, पाणी दिवसभरात जेमतेम वीतभर वर-खाली होतं. म्हणून तर धक्क्यावरची घरं थेट पाण्यातून उगवल्यासारखी बांधता आली. पुळण उथळ आहे, बरंच आत चालत जाता येतं, वारा नसेल तर लाटा घोट्याएवढ्या. तरी लाल बावटा असला तर उतरू नका. आणि कुणी ‘मेदूझा’ म्हणून ओरडलं तर बाहेर या. जेलीफिश.

संध्याकाळ

सहाच्या सुमारास अंगावरचं मीठ धुऊन पुन्हा गावात. पियात्सा दुओमोवर एखादी खुर्ची पकडा, एक पेय मागवा आणि कॅथेड्रलवर ऊन चढताना बघा. दोन मनोऱ्यांची टोकं वेगवेगळी आहेत, शोधून काढा. शेवटी पोर्ता पेस्कारातून खाली उतरा. गावाच्या जुन्या दारांपैकी हे एक, कमानीच्या चौकटीत समुद्र मावलेला. तिथून जुन्या धक्क्यावर. समोर पालेर्मोकडच्या डोंगरांची रेघ आणि तिच्या अल्याड पाणी. सूर्य बुडेपर्यंत गावातली पोरं धक्क्यावरून उड्या मारत असतात.

मग ठरवलेली गाडी. स्थानकापर्यंत रस्ता किंचित चढाचा आहे, वीस मिनिटं हाताशी ठेवा, आणि तिकिटावर पुन्हा छाप. आता समुद्र उजवीकडे, पण अंधारात काही दिसत नाही, कुठेही बसा. बुटांतली वाळू मात्र फलाटावरच झटका. डब्यात झटकलीत तर समोरची बाई तुमच्याकडे त्या चित्रातल्या माणसासारखी बघते.